अडुसष्ट तास एकोणपन्नास मिनिटं

मार्गशीर्षात विदर्भातल्या चिखल्याच्या शिवारात धान कापून झालेला असतो. कडपा वाळतात, बांधीच्या कडेला पुंजणे रचले जातात आणि ते राखायला कुणीतरी रात्रभर शेकोटीजवळ बसतं. खाणीच्या वस्तीचे दिवे पाठीमागे ठेवून उत्तरेकडे तोंड केलं आणि मान बरीच वर उचलली, की रात्री नऊच्या सुमारास तिथे ययाती दिसतो. सापडायला सोपा आहे. भाद्रपदेच्या मोठ्या चौकोनाच्या एका कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची रांग निघते. ती रांग तशीच पुढे वाढवली की दोन ठळक तारे लागतात. उत्तरेकडचा ययातीतला सर्वांत तेजस्वी तारा, आणि दक्षिणेकडचा मायावती. शेजारी शर्मिष्ठा आहे, तिच्या पलीकडे तिचा बाप वृषपर्वा. महाभारतातलं अख्खं घर आपल्या लोकांनी आकाशाच्या या एका भागात वसवलं आहे.

पुंजण्याजवळ जागणाऱ्या माणसाने या मायावतीकडे रोज नुसती एक नजर टाकली, तरी तीन आठवड्यांच्या आत एखाद्या रात्री त्याला काहीतरी खटकेल. काल ती देवयानीच्या टोकाच्या ताऱ्याइतकी झळकत होती. आज ती त्रिकोणातल्या अल्फा ताऱ्याइतकीच, म्हणजे मंद. पहाटेपर्यंत जागलात तर ती पुन्हा पूर्ववत झालेली दिसेल. आकाशात ढग नाही, धुकं नाही, बाकीचे तारे जागच्या जागी तसेच. तेज कमी झालं ते एकटीचं.

ताऱ्यांच्या तेजाला प्रत म्हणतात, आणि आकडा जितका मोठा तितका तारा मंद. मायावतीची नेहमीची प्रत २.१. उताराच्या तळाशी ती ३.४ होते. सव्वा प्रतीचा हा फरक आकड्यात लहान वाटतो, पण त्याचा अर्थ असा की दर वेळी तिचं सुमारे सत्तर टक्के तेज नाहीसं होतं. हे सगळं साधारण दहा तासांत उरकतं: पाच तास उतार, पाच तास चढ. मग जवळपास अडीच दिवस काही नाही, आणि पुन्हा तोच उतार. एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत २ दिवस २० तास ४९ मिनिटं. तासांत सांगायचं तर अडुसष्ट तास एकोणपन्नास मिनिटं.

हा आवर्तकाल माणसाने उघड्या डोळ्यांनी काढला. ज्याने काढला त्याला ऐकू येत नव्हतं. इंग्लंडमधल्या यॉर्क गावात राहणारा जॉन गुडरिक १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री मायावतीकडे बघत होता, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ती बदलते हे त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी, १६६७ च्या सुमारास, इटलीतल्या मोन्तानारीने नोंदवलं होतं. पण ती ठरल्या वेळी बदलते हे कुणी दाखवलं नव्हतं. गुडरिकने शेजारी एडवर्ड पिगट याच्या सोबतीने रात्रीमागून रात्री नोंदी केल्या आणि १७८३ च्या मे महिन्यात त्याचं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचलं गेलं. त्यात त्याने कारणही सुचवलं होतं: एखादं काळोखं पिंड ताऱ्याभोवती फिरत असेल आणि आपल्या नि त्याच्या मधे येत असेल, किंवा ताऱ्यावर डाग असतील. त्याच वर्षी त्याला कोप्ली पदक मिळालं. १७८६ च्या एप्रिलमध्ये, एकविसाव्या वर्षी, तो वारला. त्याचा पहिला तर्क बरोबर होता हे सिद्ध व्हायला १८८९ उजाडलं. पॉट्सडॅमच्या हेर्मान फोगेलने मायावतीच्या वर्णपटातल्या रेषा पुढेमागे सरकताना पकडल्या. म्हणजे तारा कधी आपल्याकडे येत होता, कधी दूर जात होता. कुणाभोवती तरी फिरत होता.

आता पद्धत. मला या विषयात सर्वांत प्रिय आहे ती हीच. तिला दुर्बीण लागत नाही, वही आणि खरी वेळ दाखवणारं घड्याळ लागतं.

आधी तेज मोजायचं कसं ते बघा. डोळ्याला तेजाचा आकडा कळत नाही, पण दोन ताऱ्यांत कुठला जास्त तेजस्वी हे फार चांगलं कळतं. देवयानीच्या टोकाचा तारा २.१ प्रतीचा, ययातीतला एप्सिलॉन २.९ चा, त्रिकोणातला अल्फा ३.४ चा. मायावती पहिल्या दोघांच्या बरोबर मधे वाटली तर २.५ लिहायचं. एप्सिलॉनच्या जरा जवळ वाटली तर २.७. सवय झाली की एक दशांश प्रतीपर्यंत अंदाज बसतो. एक खड्डा मात्र वाटेतच आहे. मायावतीच्या अगदी जवळ ऱ्हो नावाचा लालसर तारा आहे, तुलनेला हाताशी. तो स्वतःच रूपविकारी आहे, त्याचं तेज आपल्या चालीने बदलतं. खोट्या मापाने धान मोजावा तसं होईल. त्याला हात लावायचा नाही.

दर पंधरा मिनिटांनी एक नोंद करायची, आणि सकाळी आलेखाच्या कागदावर वेळ आडवी, तेज उभं असे ठिपके मांडायचे. घळीसारखा आकार उमटतो. तळाची नेमकी वेळ मात्र तळाकडे बघून काढायची नसते, कारण तिथे तेज इतकं सावकाश बदलतं की अर्धा तास सगळं सारखंच दिसतं. दोन्ही काठांवरून काढायची. समजा उतरताना मायावती २.५ ला पोचली रात्री ९ वाजून २५ मिनिटांनी आणि चढताना २.५ ला आली २ वाजून ५५ मिनिटांनी. मध्य निघतो १२ वाजून १० मिनिटं. २.९ ला ती उतरताना १० वाजून २० मिनिटांनी होती, चढताना १ वाजून ५० मिनिटांनी. मध्य १२ वाजून ५ मिनिटं. दोघांची सरासरी धरा. आणखी एक सोपी युक्ती आहे: आलेख बटर पेपरवर उतरवायचा, तो कागद उलटा करून मूळ आलेखावर ठेवायचा आणि उताराचे ठिपके चढाच्या ठिपक्यांवर बसेपर्यंत सरकवायचा. जिथे बसतात तिथे तळ. संगणकावर आज हेच काम ज्या रीतीने करतात ती क्वे आणि व्हॅन वूर्डेन या दोघांनी १९५६ मध्ये मांडली. तिच्या मुळाशी हाच उलटा कागद आहे.

एवढं करूनही डोळ्याने काढलेल्या तळाच्या वेळेत पंधरा मिनिटांची चूक सहज राहते. मग आकडा मिनिटापर्यंत कसा पोचतो?

मोजणीने. लागोपाठच्या दोन तळांमधलं अंतर घेतलं तर ती चूक जशीच्या तशी आवर्तकालात येते. पण शंभर आवर्तनं जाऊ द्या, म्हणजे साधारण साडेनऊ महिने, आणि मग पुन्हा एक तळ टिपा. पहिल्या नि शेवटच्या तळातलं अंतर शंभराने भागा. वेळेतली पंधरा मिनिटांची चूकही शंभराने भागली जाते आणि नऊ सेकंद उरते. दोन्ही टोकांच्या चुका धरल्या तरी बारा-तेरा सेकंद. आठ वर्षांनी हजार आवर्तनं होतात, तेव्हा चूक सेकंदावर येते. डोळा तोच, घड्याळ तेच. शेतकरी एका लोंबीच्या वजनावरून उतारा सांगत नाही, अख्ख्या बांधीचा धान तोलतो आणि भागतो. तसंच आहे हे.

फक्त मधली आवर्तनं बिनचूक मोजलेली असावी लागतात, आणि इथे विदर्भाचा पावसाळा आडवा येतो. एप्रिलअखेर मायावती मावळतीच्या उजेडात बुडते. ती पहाटे पुन्हा दिसू लागते तेव्हा मृग लागलेला असतो, आणि आकाश मोकळं मिळायला सप्टेंबरचा शेवट उजाडतो. पाच महिन्यांत सुमारे ५२ तळ न बघता जातात. आपल्या आवर्तकालात ४० मिनिटांची चूक असेल तर ५२ आवर्तनांत ती ३४ तासांवर जाते, म्हणजे जवळपास अर्ध्या आवर्तनाएवढी होते. मग पावसाळ्यानंतरचा पहिला तळ ५२ वा की ५३ वा हेच सांगता येत नाही. म्हणून आधी जवळजवळचे तळ टिपून आवर्तकाल काही मिनिटांपर्यंत पक्का करायचा, मग महिन्याभराच्या अंतरावरचे तळ, मग मोसमाच्या. एकेक पायरी बळकट करत लांब पल्ला गाठायचा.

दुसरी अडचण दिवसाची. तळ दिवसा आला तर दिसणार कसा? मायावतीचा प्रत्येक पुढचा तळ तीन दिवसांनी येतो, पण घड्याळात तीन तास अकरा मिनिटं आधी. एक तळ पहाटे अडीचला मिळाला तर पुढचा तिसऱ्या रात्री ११ वाजून १९ मिनिटांनी, त्यापुढचा आणखी तीन दिवसांनी ८ वाजून ८ मिनिटांनी. त्यानंतरचा संध्याकाळी पाचच्या आत, म्हणजे उजेडात गेला. सातव्या आवर्तनाला, वीस दिवसांनी, तो पुन्हा पहाटे येतो, या वेळी चार वाजून बारा मिनिटांच्या सुमारास. एकदा हा ठेका अंगात भिनला की पंचांग हातात असल्यासारखं वाटतं.

वेळ कशी लिहायची यावर थोडं थांबायला हवं. खगोलात तारीख-महिन्याच्या भानगडीत न पडता ज्यूलियन दिनांक वापरतात, म्हणजे एका ठरावीक प्राचीन दिवसापासून सलग मोजलेले दिवस. हा दिवस ग्रीनिचच्या दुपारी बाराला बदलतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. त्यामुळे चिखल्यातली अख्खी रात्र, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत, एकाच क्रमांकात बसते. मध्यरात्री तारीख बदलली का, हा घोळच नाही. शिवाय एक दुरुस्ती करावी लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना वर्षातले काही महिने मायावतीच्या जवळ असते, काही महिने दूर. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात. म्हणून तळ मोसमानुसार पावणेआठ मिनिटं आधी किंवा तेवढाच उशिरा दिसू शकतो. सगळ्या वेळा सूर्यावरून बघितल्यासारख्या करून घेतल्या की हा खेळ संपतो.

एवढ्या साध्या गोष्टीत किती मोठी चूक होऊ शकते याचं उदाहरण ताजं आहे. हंस तारकासमूहात एकमेकांना चिकटून फिरणारी एक जोडी आहे, आवर्तकाल सुमारे ११ तास. २०१७ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी जुन्या-नव्या वेळा जुळवून जाहीर केलं की आवर्तकाल झपाट्याने घटतो आहे, हे दोन तारे २०२२ च्या सुमारास एकमेकांत विलीन होतील आणि तो स्फोट नुसत्या डोळ्यांना दिसेल. जगभर बातमी झाली. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने हिशेब पुन्हा तपासला, तर जुन्या नोंदीतली एक वेळ बरोबर बारा तासांनी चुकलेली निघाली. ११ तासांच्या ठेक्यात बारा तासांची चूक एका तासाच्या फरकासारखी दिसते, म्हणून ती लपली. २०२२ आलं नि गेलं, तारे अजून फिरताहेत. मात्र भाकितामागची कल्पना चुकीची नव्हती. २००८ मध्ये वृश्चिकेत एक तारा अचानक भडकला होता. त्याच्या आधीच्या काही वर्षांच्या नोंदी काढल्यावर दिसलं की ती १.४ दिवसांची जोडी होती आणि भडकण्याआधी तिचा आवर्तकाल दर वर्षी आणखी वेगाने घटत गेला होता.

आवर्तकाल मिळाला की सगळ्या रात्रींचे ठिपके एकाच आवर्तनात घडी घालून बसवता येतात. पहिल्या तळापासून गेलेला वेळ आवर्तकालाने भागायचा, पूर्णांक सोडायचा, उरलेला अपूर्णांक म्हणजे ताऱ्याची कला. आवर्तकाल चुकला असेल तर ठिपके सांडलेल्या तांदळासारखे पसरतात. बरोबर असेल तर त्यांतून एक नितळ रेषा उठते. तो प्रकाशवक्र.

या वक्रात ताऱ्यांचं सगळं घर उघडं पडतं. मायावतीच्या आवर्तनात दोन ग्रहणं असतात, एकदा हा त्याच्या मागे, एकदा तो ह्याच्या मागे. पहिलं खोल, दुसरं इतकं उथळ की डोळ्याला कळत नाही. का? दोन्ही वेळा झाकला जाणारा भाग जवळपास सारख्याच क्षेत्रफळाचा असतो. फरक असतो तो झाकलेल्या पृष्ठभागाच्या तापमानाचा. मायावतीचा ठळक तारा निळसर पांढरा, बारा-तेरा हजार अंशांचा. जोडीदार आकाराने त्याच्याहून मोठा, पण पाच हजार अंशांच्याही खालचा. गरम झाकला की अंधार, गार झाकला की जेमतेम सावट. दोघांतलं अंतर एक कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. बुध सूर्यापासून पावणेसहा कोटी किलोमीटरवर असतो, त्यावरून ही जवळीक लक्षात यावी. ग्रहण किती तास चालतं यावरून ताऱ्यांचे आकार निघतात. त्याला वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्याची जोड दिली की वस्तुमानंही निघतात. ताऱ्याला तराजूत घालण्याचा याहून भरवशाचा मार्ग नाही, आणि सगळ्या ताऱ्यांच्या आयुष्याचं आपलं गणित अशा मूठभर जोड्यांवर उभं आहे.

मराठी वाचकाने या कामातलं एक नाव लक्षात ठेवावं: कृष्ण दामोदर अभ्यंकर. हैदराबादची निजामिया वेधशाळा आणि उस्मानिया विद्यापीठाचा खगोलविभाग त्यांनी १९६० च्या दशकापासून पुढे नेला. हैदराबादबाहेर जापाल आणि रंगापूर या गावांजवळ ४८ इंची दुर्बीण उभी राहिली, आणि तिथे वर्षानुवर्षं ग्रहणकारी जोड्यांचे प्रकाशवक्र काढले गेले. डोळ्याच्या जागी प्रकाशविद्युत नळी आली. ताऱ्याचा प्रकाश तिच्यात पडला की विजेचा बारीक प्रवाह निघतो. आधी तुलना-तारा मोजायचा, मग शेजारचं रिकामं आकाश, मग आपला तारा, मग पुन्हा तुलना-तारा. निळ्या, पिवळ्या, जांभळ्यापलीकडच्या गाळण्यांतून तेच पुन्हा. रात्रभर हेच. एक दशांश प्रतीच्या जागी एक शतांश प्रत हाती लागते, आणि मायावतीचं ते उथळ दुसरं ग्रहणही उमटतं. अभ्यंकरांनी वेदांगज्योतिषावरही तितक्याच आस्थेने लिहिलं.

जोड्यांचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवला की एक वेगळाच आलेख काढता येतो: प्रत्यक्ष दिसलेली तळाची वेळ वजा गणिताने आलेली वेळ. ठिपके आडव्या रेषेवर राहिले तर आवर्तकाल खरा. तिरक्या रेषेत चढत गेले तर आपला आकडा जरा चुकला. कमानीसारखे वाकले तर ताऱ्याचाच आवर्तकाल बदलतो आहे, म्हणजे एकाचं द्रव्य दुसऱ्यावर पडतं आहे. स्वरमंडलातल्या बीटाचा जवळपास तेरा दिवसांचा आवर्तकाल असाच दर वर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतो. आणि ठिपके लाटेसारखे वरखाली गेले तर जोडी स्वतः कुणा तिसऱ्याभोवती झोके घेते आहे, तिचा प्रकाश कधी जवळून येतो, कधी लांबून. मायावतीलाही पावणेदोन वर्षांहून थोडा जास्त फेरा असलेला तिसरा सोबती आहे.

आता चिखल्याच्या लोकांना मला एक खास तारा दाखवायचा आहे. ययातीच्या पूर्वेला सारथी, त्यात ब्रह्महृदय. त्याच्या दक्षिणेला सारथीच्या पंचकोनात ए-आर नावाचा एक तारा आहे. प्रत ६.१, म्हणून साधी द्विनेत्री लागते. दर ४.१३ दिवसांनी त्याचं आवर्तन पुरं होतं. दोन्ही तारे जवळपास सारखे, म्हणून दोन्ही ग्रहणं जवळपास सारखी खोल. घाईत बघणारा दोन्ही एकच समजेल आणि आवर्तकाल निम्मा सांगेल. याच्या तळांच्या हिशेबातून २४ वर्षांच्या आसपासची लाट निघाली, म्हणजे इथेही तिसरा आहे. पण खास गोष्ट वेगळी. या जोडीतल्या जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर पारा आणि मँगनीज सूर्याच्या मानाने कित्येक पट जास्त आहे. असे तारे सावकाश फिरतात. त्यांचं वातावरण इतकं शांत असतं की आतून येणारा प्रकाश काही धातूंच्या अणूंना हळूहळू वर ढकलत पृष्ठभागावर आणून ठेवतो. भाद्रपदेच्या चौकोनाचा तो कोपरा, जिथून आपण देवयानीची रांग धरली, तोही असाच मँगनीजचा तारा आहे.

मँगनीज म्हणजे इथल्या माणसाला नवलाची गोष्ट नाही. चिखल्याच्या भुयारी खाणीतून तेच निघतं. आपल्या दीर्घिकेतलं मँगनीज बरंचसं घडलं ते श्वेतबटू ताऱ्यांच्या स्फोटांत, आणि असे स्फोट जोडीतच होतात, एकाचं द्रव्य दुसऱ्यावर पडत गेल्याने किंवा दोघं एकमेकांवर आदळल्याने. मायावतीच्या घरातही द्रव्याची अशी देवाणघेवाण झाली आहे. ताऱ्यांचा नियम असा की जास्त वस्तुमानाचा तारा लवकर म्हातारा होतो. तिथे मात्र जोडीदार हलका असूनही तोच म्हातारा आहे. कधीकाळी तोच जड होता. फुगला, आणि त्याचं बरंचसं द्रव्य शेजाऱ्याकडे गेलं.

द्विनेत्री हाती आली की माघात सारथीकडे वळवा. तोवर मार्गशीर्ष आहेच, आणि मायावतीला काहीच लागत नाही. पहिला तळ सापडला की वहीत तारीख, घड्याळाची वेळ आणि तीन तुलना-तारे लिहा. त्यात २ दिवस २० तास ४९ मिनिटं मिळवा, आलेली वेळ खाली लिहून ठेवा, आणि त्या रात्री दोन तास आधी बाहेर या.